वाचनालयातले पाच संगणक, एक ठराव आणि लिनक्स मिंट

विंडोज १० ची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तारीख कधीचीच जाहीर होती, पण आमच्या वाचनालयात तिची दखल घेतली गेली ती दसरा उलटून गेल्यावर. अभ्यासिकेतल्या संगणकांवर सूचना झळकायला लागली आणि एमपीएससी करणारा एक पोट्टा काउंटरवर येऊन म्हणाला, "मॅडम, त्याच्यावर काहीतरी बंद होऊन राहिलं म्हणते. फॉर्म भरू का नको?"

वाचनालय नागपूरच्या एका जुन्या वस्तीत आहे. खाली देवघेव, वर अभ्यासिका. मी तिथे मानद सहसचिव. शिक्षण बी. कॉम., नोकरीची वर्षं टॅलीवर गेली. संगणक वापरता येतो, पण तो आतून कसा चालतो याच्याशी कधी संबंध आला नव्हता. माझ्यासारख्याच एखाद्या संस्थेच्या, शाळेच्या किंवा घरच्या जुन्या मशीनपुढे जे बसले असतील, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचे संगणक पाच. २०१४ साली स्थानिक विकास निधीतून मिळालेले, कॅबिनेटवर निधीचं स्टिकर अजून आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे सरळ मार्गाने आमच्या मशीनवर ते येणार नव्हतं. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ होती. आमची संस्था घरगुती नव्हे, आणि वर्षभराने पुन्हा हाच विषय निघणार होता.

रीतीप्रमाणे बर्डीच्या बाजारातून तीन दरपत्रकं आणली. नवीन डेस्कटॉप अडतीस ते त्रेचाळीस हजारांच्या घरात. पाचांचे दोन लाख. आमची वर्षाची पुस्तकखरेदीसुद्धा त्याच्या जवळ जात नाही. तिसऱ्या दुकानदाराने दरपत्रक देता देता सांगितलं, "मॅडम, तुमच्या मशीन खराब नाहीत. एसएसडी टाका न लिनक्स टाकून द्या." मग तुम्हीच टाकून द्या, म्हटलं, तर हसला. "आमच्याकडे कोणी मागत नाही, म्हणून पोट्ट्यांना येत नाही."

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आणि लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक प्रणाली. लिनक्स हे नाव मी ऐकलेलं होतं, एवढंच. घरी येऊन वाचायला बसले तर पहिल्याच संध्याकाळी डोकं गरगरलं. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही सगळी लिनक्सचीच रूपं, आणि प्रत्येकाचा भक्त दुसऱ्याला नावं ठेवणारा. तो नाद सोडला आणि काउंटरवर एक वही ठेवली. संगणकावर बसणाऱ्याने उठताना काय काम केलं ते एका ओळीत लिहायचं. आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. ऑनलाइन फॉर्म, पीडीएफ वाचणं, यूट्यूबवरची लेक्चर्स, फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवणं, प्रिंट, अर्ज टाइप करणं. वाचनालयाच्या बाजूने पुस्तकांची एक्सेलमधली यादी, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधल्या सूचना आणि वार्षिक अहवाल. शिवाय दोघं-तिघं टायपिंगच्या परीक्षेचा सराव करणारे, त्यांच्या इन्स्टिट्यूटने दिलेल्या सॉफ्टवेअरवर. या यादीतलं जवळपास सगळं ब्राउझरमध्ये होतं. अडणार होत्या तीन गोष्टी, जुने फॉन्ट, प्रिंटर आणि ते टायपिंगचं सॉफ्टवेअर. पुढचे सगळे निर्णय या वहीवरून झाले. लिनक्सवर जाऊ का असं मला आता कोणी विचारलं, तर मी आधी तुमची वही बघू म्हणते. माझ्या स्वतःच्या घरी टॅली आहे आणि ते विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर आहे, म्हणून तिथे विंडोजच आहे आणि राहील.

निवड शेवटी लिनक्स मिंटची केली, त्यातही एक्सएफसीई आवृत्ती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजवरून येणाऱ्याला बुजायला होत नाही. मिंटची सिनॅमन ही मुख्य आवृत्ती दिसायला जास्त देखणी आहे, पण चार जीबी रॅमवर एक्सएफसीई हलकी पडते. तेव्हा २२.२ ही आवृत्ती ताजी होती, सप्टेंबर २०२५ ची. मिंट २२ ची सगळी मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत.

मिंट बसवायची फाइल तीन जीबीच्या आतबाहेर असते. रात्री डाउनलोडला लावून झोपले. मिंटच्या साइटवर फाइलसोबत चेकसम नावाची अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ दिलेली असते. आपल्या फाइलची ओळ काढून ती तिच्याशी जुळते का ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धवट उतरलेल्या फाइलवर पुढे दोन तास घालवण्यापेक्षा बरं. मग विंडोजवरच रुफस नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवली. पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्यावा.

२ नोव्हेंबरच्या रविवारी वाचनालय बंद झाल्यावर पेनड्राइव्ह लावला. मशीन सुरू होताना एफ-१२ दाबत राहिलं की कशावरून सुरू करायचं ते विचारतं. हे बटण कंपनीगणिक बदलतं. कुठे एफ-९, कुठे एस्केप, कुठे एफ-८. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालायला लागलं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. हार्ड डिस्कला हातही लागत नाही, बंद केलं की मशीन पूर्वीसारखं. नवख्याला लिनक्स दाखवायचं तर याहून निर्धास्त मार्ग नाही. मी आवाज, इंटरनेट, यूट्यूब, मराठी पानं आणि पीडीएफ एकेक करून तपासलं. एका मशीनवर ब्राउझर कुठलीच साइट उघडेना, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणत राहिला. मदतीला थांबलेल्या अभ्यासिकेतल्या इंजिनिअरिंगच्या मुलीने कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. मशीन २०१४ सालात होतं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटतात. चाळीस रुपयांचा सेल. जुन्या मशीनला हात लावणार असाल तर तो आधीच आणून ठेवा.

आमच्याकडे सगळं केबलवर आहे, त्यामुळे वायफायचा प्रश्न आला नाही. पुढे एका सदस्याच्या लॅपटॉपवर तो आला. काही वायफाय चिप्सचे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे छोटे प्रोग्राम, पेनड्राइव्हवरून लगेच चालू होत नाहीत. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करायचं, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट मशीनला मिळतं, मग मेनूतल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यायचा.

आता सभा. सहसचिवाला परस्पर खर्च करायची मुभा दोन हजारांपर्यंत, त्यामुळे ९ नोव्हेंबरच्या कार्यकारिणीत विषय ठेवावा लागला. कोषाध्यक्ष काकांचा पहिलाच प्रश्न, "हे फुकट काहून देऊन राहिले?" दुसरा त्याहून अवघड. "बिल नाही, तर ऑडिटरला काय दाखवू? उद्या तो म्हणेल, हे चोरीचं आहे."

मी थोडी तयारी करून गेले होते. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याने तो जीपीएल या परवान्याखाली खुला केला. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांचा मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प चालू होता, जीपीएल तिथलाच. हा परवाना वापरायची, तपासायची, बदलायची आणि वाटायची मुभा लेखी देतो. म्हणजे कागद आहे, फक्त रक्कम नाही. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं उबंटूवर बेतलेली प्रणाली वापरतात, आणि केंद्र सरकारच्या सी-डॅक या संगणक संस्थेनेही बॉस नावाची लिनक्स प्रणाली काढलेली आहे, हेही सांगितलं. काका ऐकत होते, पण पेन हातात घेत नव्हते.

विषय सुटला तो अध्यक्षांमुळे. ते जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मी उबंटूचं नाव घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला. "उबंटू? अहो, ते तर आमच्या कोर्टात होतं. सगळा ई-कोर्टाचा कारभार त्याच्यावरच. मी त्याच्यावरच रोजच्या खटल्यांचा बोर्ड काढत होतो की." मिंट हे त्याच उबंटूचं भावंड, एवढंच मला म्हणायचं उरलं. न्यायालयात चालतं ते ऑडिटरला चालेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

ठराव असा झाला: "वाचनालयाच्या चार संगणकांची दुरुस्ती करून त्यांवर मुक्त परवान्याची लिनक्स मिंट ही प्रणाली बसविण्यास व त्याकरिता रु. १२,००० पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. परवाना शुल्क निरंक." सूचक, अनुमोदक, सह्या. पाचवं मशीन टायपिंगच्या सरावासाठी आणि जुन्या फाइलींसाठी विंडोजवरच ठेवायचं, मात्र त्याची इंटरनेटची केबल काढून. खर्च 'दुरुस्ती व देखभाल' खाली टाकायचा, म्हणजे डेड स्टॉक नोंदवहीत (संस्थेच्या कायम वस्तूंच्या वहीत) नवी नोंद लागत नाही. संस्थेसाठी हे करणाऱ्यांनी बिलाची तारीख ठरावानंतरची आणि बिल संस्थेच्याच नावाने असेल हे बघावं. हे क्षुल्लक वाटतं, पण मार्चनंतर क्षुल्लक राहत नाही.

१५ नोव्हेंबरला खरेदी. २५६ जीबीच्या चार एसएसडी प्रत्येकी १,९५० ला, म्हणजे ७,८००. वापरलेल्या चार जीबी डीडीआर-३ रॅमच्या चार पट्ट्या ५५० प्रमाणे २,२००. दोन पेनड्राइव्ह ७०० आणि सेल १६०. एकूण १०,८६०. रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्यावी; डीडीआर-३ आणि डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, बोलून समजावण्यापेक्षा दाखवलेलं बरं. दुकानदाराला पैसे फोनवर हवे होते, आमच्याकडे दोन सह्यांचा धनादेश. दोन दिवस त्यात गेले.

बसवण्याचं काम २२ आणि २३ नोव्हेंबरला केलं. कॅबिनेट उघडली तर उन्हाळाभर कुलरच्या हवेसोबत आत गेलेली धूळ पंख्यावर पापडासारखी जमली होती. ती ब्रशने काढली, रॅम आणि सेल बसवले. जुन्या हार्ड डिस्क पुसल्या नाहीत, काढून बाजूला ठेवल्या. हा सल्ला मी प्रत्येकाला देते. डिस्कच बदलली तर जुना डेटा जिथल्या तिथे राहतो आणि "डिस्क पुसून बसवा" या पर्यायावर क्लिक करताना हात थरथरत नाही. एकाच डिस्कवर काम करणार असाल, तर सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघूनच पुढे जा.

इन्स्टॉलेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक (ती विसरू नका, काही व्हिडिओ त्यावाचून चालत नाहीत), डिस्क, वेळ, नाव, पासवर्ड. वेळेच्या नकाशावर भारतासाठी कोलकाता एवढंच मिळतं. झिरो माइलच्या गावात बसून कोलकाता निवडताना आमच्या ग्रंथपालबाईंना भारी गंमत वाटली. फाइली उतरायला प्रत्येक मशीनला पाव-अर्धा तास. त्यानंतरची अपडेट्स मात्र रेंगाळली. अपडेट मॅनेजरच्या सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन भारतातला सर्व्हर निवडल्यावर वेग आला.

मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होतात. लोक याचं श्रेय लिनक्सला देतात. निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं आहे, हे मी आवर्जून सांगते, नाहीतर कोणीतरी जुन्या हार्ड डिस्कवर मिंट टाकून मला नावं ठेवेल.

सगळं सुरळीत झाल्यावर टाइमशिफ्टचा एक स्नॅपशॉट घेतला. मिंटमध्ये हे आधीपासून असतं. सिस्टिम बिघडली तर त्या दिवसाच्या स्थितीला परत जाता येतं. आपली कागदपत्रं मात्र तो मुळात राखत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवायची.

खरा वेळ गेला तो यानंतर. प्रिंटर आमचा जुना एचपीचा लेझर. एचपीसाठीचा एचपीलिप हा संच मिंटमध्ये असतोच, पण आमच्या मॉडेलला त्याशिवाय कंपनीचं प्लग-इन लागतं. ते इंटरनेटवरून घ्यायला एचपीलिपच विचारतो, हो म्हणायचं आणि प्रशासकाचा पासवर्ड द्यायचा. पहिलं पान निघालं ते परवान्याचं. जीपीएलचा पूर्ण मजकूर प्रत्येक मशीनमध्येच एका फोल्डरात असतो. ती पानं काकांनी पंच करून ठरावाच्या प्रतीसोबत फाइलला लावली आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, "परवाना, संगणक प्रणाली."

फॉन्टची कथा लांब आहे. पुस्तकांची यादी दहा-अकरा हजार नोंदींची, सगळी युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडली तर दाखल अंक आणि किमती शाबूत, पण नावांच्या जागी रोमन अक्षरं, डॉलर, टक्के. यात लिनक्सचा दोष नाही. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही विंडोजवर हेच दिसेल, कारण त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, फक्त त्यांच्या चित्रांचे क्रमांक असतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलल्यावर बहुतेक मजकूर ओळखीचा झाला. रफार मात्र एक अक्षर पुढे-मागे सरकले, 'ऱ्या' फुटला, 'श्र' काही ठिकाणी गायब. ग्रंथपालबाई रोज थोड्या नोंदी मूळ नोंदवहीशी ताडून बघतात. अजून काम चालू आहे. पण आता यादीत मराठीत शोधता येतं. पूर्वी लेखकाच्या नावाने शोध घ्यायचा तर ते नाव त्याच फॉन्टात टाइप करावं लागे. सूचनांसाठी मुक्ता आणि शोभिका हे मोफत फॉन्ट घेतले. शोभिका आयआयटी मुंबईचा, छापील पुस्तकासारखा दिसतो.

मराठी टायपिंगसाठी दोन वाटा आहेत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांत मराठी घ्यायची, किंवा इनपुट मेथडमधून आयबस हा प्रोग्राम बसवून त्यात मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) किंवा फोनेटिक निवडायचं. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांना फोनेटिक सोपं जातं, टायपिंग शिकलेल्यांना इन्स्क्रिप्ट.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो पाहुण्या खात्याचा. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं. पासवर्ड नाही, कोणीही बसावं, आणि लॉगआउट केलं की त्यातलं सगळं जातं. हे का महत्त्वाचं ते सांगते. जुन्या हार्ड डिस्क काढण्याआधी मी डाउनलोड्सचे फोल्डर उघडून पाहिले होते. त्यात अनोळखी पोरापोरींची आधार कार्डं, गुणपत्रिका, जातीचे दाखले, बँकेच्या पासबुकाची पानं. फॉर्म भरून झाला की सगळे उठून जायचे आणि फाइली तिथेच. एका ब्राउझरमध्ये तर कोणाचं तरी ईमेल उघडंच होतं. आता ते होत नाही. अडचण एवढीच की पाहुण्या खात्यात मराठी कीबोर्डसुद्धा दर वेळी पुसला जायचा. त्यासाठी एक नमुना फोल्डर करून ठेवता येतो, प्रत्येक नवं सेशन त्याची नक्कल घेऊन सुरू होतं. हे त्या इंजिनिअरिंगच्या मुलीने शोधून केलं. प्रत्येक मॉनिटरवर चिठ्ठी लावली आहे: "काम पेनड्राइव्हवर ठेवा. उठल्यावर इथे काही उरत नाही."

मग लोकांना शिकवायचं होतं. फलकावर लिनक्स हा शब्द मी मुद्दाम लिहिला नाही. "अभ्यासिकेतील संगणक बदलले आहेत. ओळख करून घ्यायला या," एवढंच लिहिलं आणि डिसेंबरच्या ७, १४ आणि २१ तारखेचे रविवार दिले, सकाळी अकरा. मधल्या रविवारी विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बर्डीकडून येणारे उशिरा पोचले, त्यामुळे तोच भाग दोनदा घ्यावा लागला.

नवख्यांना लिनक्स शिकवायला बसलेले बरेच जण टर्मिनलची काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप करायला लागतात. समोरचा तिथेच गळतो. आम्ही ब्राउझरपासून सुरुवात केली. यूट्यूब उघडा, तुमचं नेहमीचं लेक्चर लावा, आवाज कमी-जास्त करा. त्यानंतर फाइल कुठे जाते ते. टर्मिनल शेवटच्या रविवारी, तेही ज्यांनी विचारलं त्यांनाच.

पहिला प्रश्न माझ्या यादीत कुठेच नव्हता. एका मुलाने डेस्कटॉपवर राइट क्लिक केलं, परत केलं आणि अस्वस्थ झाला. "काकू, रिफ्रेश कुठी आहे?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझ्याकडे पण नाही बे." संगणक सुरू झाला की चार-पाचदा रिफ्रेश करायची सवय आपल्या हातांना इतकी आहे की ते न मिळाल्यावर मशीनमध्ये काहीतरी कमी आहे असं वाटतं. त्याची गरज नसते हे सांगूनही हात तिकडे जातातच. दुसरा प्रश्न सी ड्राइव्हचा. इथे सी, डी असे ड्राइव्ह नाहीत, आपलं सामान होम फोल्डरात आणि पेनड्राइव्ह डावीकडच्या यादीत दिसतो, एवढं पुरलं. तिसरा अँटिव्हायरसचा. त्याला उत्तर देण्याआधी एक प्रसंगच घडला. एका मुलीने झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह आणला होता. विंडोजवर त्यात नुसते शॉर्टकट दिसत होते आणि नोट्स गेल्या म्हणून ती रडवेली झाली होती. मिंटवर लावल्याबरोबर शॉर्टकटच्या शेजारी तिचे फोल्डर जसेच्या तसे दिसले. ते व्हायरस फोल्डरवर लपवल्याची खूण करतात, ती खूण लिनक्स जुमानत नाही. विंडोजसाठीचा ईएक्सई व्हायरसही इथे आपसूक चालत नाही. मात्र फसवी लिंक इथेही तितकीच फसवी, ओटीपी इथूनही कोणाला द्यायचा नसतो. हे ज्येष्ठांना मी परत परत सांगितलं, आणि सार्वजनिक संगणकावर बँकेचं काम करू नका हेसुद्धा.

ज्येष्ठ लवकर रुळले, मला वाटलं होतं त्याच्या उलट. कित्येक वर्षांपूर्वी एमएस-सीआयटी केलेल्या एका काकूंनी लिब्रेऑफिस रायटर उघडलं आणि खूश झाल्या, कारण वरचे मेनू त्यांच्या वेळच्या वर्डसारखे होते. नव्या वर्डच्या रिबनवर वाढलेली पोरं मात्र तिथे अडखळली. त्यांना व्ह्यू मेनूतून टॅब्डची मांडणी लावून दिली. बाहेर प्रिंटला न्यायची फाइल डॉकएक्समध्ये न नेता पीडीएफ करून न्यावी, नाहीतर समोरच्या मशीनवर फॉन्ट बदलून ओळी सरकतात.

फोटोच्या केबीचं काम आधी सगळे कुठल्यातरी साइटवर फोटो चढवून करायचे. आता गिंप हा फोटोवर काम करायचा प्रोग्राम बसवून घेतला आहे. एक्सपोर्टच्या चौकटीत प्रीव्ह्यूवर टिक करून दर्जाची पट्टी मागे सरकवली की फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं, आणि आपला फोटो-सही कुठल्या अनोळखी साइटकडे जात नाही. ई-आधारची पीडीएफ मिंटच्या वाचकात नेहमीसारखीच पासवर्ड देऊन उघडते, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष.

शेवटच्या रविवारी एका आजोबांनी विचारलं, मग हे बनवणाऱ्यांचं पोट कशावर चालते? चांगला प्रश्न. गाभ्यावर काम करणाऱ्यांतले बरेच जण कंपन्यांचे पगारी लोक आहेत, कारण त्या कंपन्यांचे सर्व्हर त्यावरच चालतात. लिनक्सची सेवा विकणारी रेड हॅट ही कंपनी २०१९ साली आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतली. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. "आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन, त्याचाही गाभा लिनक्सच," असं म्हटल्यावर त्यांनी फोन काढून उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे मी आधीच शिकलो होतो म्हणा की."

सगळंच जमलं असं नाही. टायपिंगच्या सरावाचं सॉफ्टवेअर पाचव्या मशीनवरच आहे, तिथे आता नंबर लावावा लागतो. मराठीत मेनू करून बघितले, पण काही शब्द मराठी आणि काही इंग्रजी अशी सरमिसळ होते, म्हणून ज्येष्ठांसाठी एकच खातं तसं ठेवलं, बाकी इंग्रजीत. जुन्या चार हार्ड डिस्कचं काय करायचं हेही ठरायचं आहे. त्या डेड स्टॉकमधल्या मशीनचा भाग असल्याने निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, ठराव लागेल, आणि त्याआधी त्यांवरची लोकांची कागदपत्रं कायमची पुसावी लागतील. विषय पुढच्या सभेत घेतला आहे.

प्रशासकाचा पासवर्ड फक्त मला आणि त्या इंजिनिअरिंगच्या मुलीला ठाऊक होता. ती मे महिन्यात शिकून बाहेर पडेल, माझी मुदत त्यानंतर वर्षभराने संपते. म्हणून जानेवारीच्या सभेत तो कागदावर लिहून पाकिटात बंद केला, पाकिटाच्या जोडावर अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांच्या सह्या घेतल्या आणि ते ठरावांच्या फाइलीसोबत कपाटात ठेवलं. काकांनी पाकिटावर "एप्रिल २०२९ पूर्वी नवीन आवृत्ती घेणे" असं लाल शाईने लिहून आवक नोंदवहीत त्याला क्रमांकही दिला आहे.